लाडकी बहीण ते एसटीची सवलत: सरकारी पैशाचा हिशेब विधिमंडळातून कसा काढायचा

एसटीत बाईमाणसाला अर्धं तिकीट लागतं. उरलेलं अर्धं कोण भरतं, असं विचारलं की कोणीही सांगेल, सरकार. पण कुठल्या खात्यातून, किती आणि कधी भरलं, आणि ते भरूनही आपल्या गावची संध्याकाळची गाडी का येत नाही, इथवर आलं की सगळे एकमेकांकडे बघतात. याची उत्तरं मिळतात, आणि त्यासाठी मंत्रालयात ओळख लागत नाही. कागद कोणत्या क्रमाने काढायचे आणि प्रश्न कोणत्या साच्यात घालून आमदारांच्या हाती द्यायचा, एवढं कळावं लागतं.

प्रवासी संघटना, बचत गट, ग्रामपंचायत सदस्य, पत्रकारितेचे विद्यार्थी आणि आमदारांच्या कार्यालयात नव्याने लागलेली मुलं, यांच्यासाठी हे लिहितो आहे. उदाहरणं दोनच घेतली आहेत: लाडकी बहीण योजना आणि एसटीच्या प्रवास सवलती. पद्धत इतर योजनांनाही चालते.

हाताशी काय हवं

- योजनेचा शासन निर्णय आणि त्यानंतरची शुद्धिपत्रकं
- चालू आणि मागच्या वर्षाची अर्थसंकल्पाची पुस्तकं (वित्त विभागाच्या संकेतस्थळावर पीडीएफ मिळतात)
- त्या वर्षांतल्या पुरवणी मागण्यांची, म्हणजे वर्षाच्या मध्येच सरकारने सभागृहाकडे मागितलेल्या जादा पैशांची, पुस्तिका
- गाडीचा प्रश्न असेल तर आगारातून माहिती अधिकारात काढलेली फेऱ्यांची आकडेवारी
- एक वही किंवा एक्सेलची फाइल, ज्यात प्रत्येक आकड्यासमोर तो कुठून घेतला ते लिहिलेलं असेल

शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटते, पण 'हा आकडा कुठून आणला?' असं आमदारांच्या स्वीय सहायकाने विचारल्यावर सांगता आलं नाही तर तुमचा कागद तिथेच टेबलाखाली जातो.

1. आधी ठरवा, विचारायचं कोणाला

बरीच मेहनत इथेच वाया जाते. एसटी राज्याची, म्हणून तिचा प्रश्न विधिमंडळात. लोकल आणि रेल्वे केंद्राची, म्हणून संसदेत. बेस्ट मुंबई महापालिकेची, पीएमपीएमएल पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांची. त्यांच्या बसफेऱ्यांबद्दल आधी नगरसेवकाला गाठा. पुणे-नागपूरची मेट्रो चालवणाऱ्या महामेट्रोत केंद्र आणि राज्य निम्मे-निम्मे भागीदार आहेत, म्हणून तिथे दोन्ही दारं उघडी आहेत आणि दोन्हीकडून दुसऱ्या दाराकडे बोट दाखवलं जाण्याची सोयही आहे.

ज्येष्ठांची रेल्वे सवलत हे नेहमी चुकीच्या दारात जाणारं प्रकरण. ती मार्च 2020 मध्ये थांबली. तिच्याबद्दल आमदाराला निवेदन देऊन उपयोग नाही, खासदाराला द्या. संसदेत खात्यांच्या अनुदान मागण्या, म्हणजे खात्यासाठी वर्षभराचे सभागृहाकडे मागितलेले पैसे, 24 विभागीय स्थायी समित्या तपासतात. त्यांतल्या रेल्वेविषयक समितीने निदान स्लीपर आणि थ्री एसीमध्ये ही सवलत पुन्हा देण्याचा विचार करा, असं सुचवलं होतं. त्यावर सरकारचं नेहमीचं उत्तर असं, की 2022-23 मध्ये प्रवासी तिकिटांवर 56,993 कोटींचं अनुदान दिलं, म्हणजे प्रत्येक प्रवाशाला सरासरी 46 टक्के सवलत मिळतेच आहे. नीट वाचलं तर लक्षात येईल की विचारलं होतं ज्येष्ठांचं आणि उत्तर आलं सगळ्या प्रवाशांचं. हा डाव ओळखून ठेवा, विधिमंडळातही तो भेटतो.

राज्यातला आणखी एक गोंधळ. एसटीचा पैसा 'परिवहन' नावाच्या स्वतंत्र मागणीत शोधायला गेलात तर सापडणार नाही. अर्थसंकल्पात परिवहन हे गृह विभागाखाली येतं. महाराष्ट्राच्या मागण्यांना विभागवार इंग्रजी अक्षरं आहेत: गृह म्हणजे 'बी', सामाजिक न्याय 'एन', आदिवासी विकास 'टी', महिला व बालविकास 'एक्स'.

2. शासन निर्णय मिळवा आणि शेवटचं पान आधी वाचा

शासनाच्या संकेतस्थळावर विभाग आणि तारीख टाकून शोधलं की जीआर मिळतो. प्रत्येक जीआरच्या शेवटी एक लांबलचक सांकेतांक असतो, त्याचे पहिले आठ अंक म्हणजे तारीख: वर्ष, महिना, दिवस. लाडकी बहीण योजनेचा मूळ निर्णय 28 जून 2024 चा आहे. पात्रतेच्या अटी त्यानंतर बदलत गेल्या, म्हणून केवळ मूळ निर्णय हातात धरून भांडू नका.

लोक पात्रतेचं पान वाचून थांबतात. आपल्या कामाचं वाक्य शेवटी असतं: 'यासाठी होणारा खर्च मागणी क्रमांक अमुक, लेखाशीर्ष तमुक यामधून भागविण्यात यावा.' ते वाक्य अक्षरन् अक्षर वहीत उतरवा. लेखाशीर्ष म्हणजे खर्च ज्या सदराखाली नोंदला जातो त्याचा क्रमांक.

एसटीचे पैसे सोडण्याचे जीआर वरवर एकसारखेच दिसतात. विषयाची ओळ नीट बघा. 'सवलतमूल्याची प्रतिपूर्ती' (म्हणजे तिकिटातल्या सवलतीची भरपाई), 'वेतनासाठी अर्थसहाय्य' आणि 'बस खरेदीसाठी निधी' हे तीन वेगळे पैसे आहेत. सरकारने एसटीला इतके कोटी दिले, अशी बातमी येते तेव्हा त्यात ही तिन्ही एकत्र कालवलेली असू शकतात.

3. अर्थसंकल्पात आपली ओळ शोधा

पुस्तकं जाडजूड आहेत, पण सगळी वाचायची नसतात. मुख्य लेखाशीर्षाचे चार अंक माहीत असले की काम भागतं, आणि ते देशभर सारखेच असतात. 2235 म्हणजे सामाजिक सुरक्षा व कल्याण. 3055 म्हणजे मार्ग परिवहनावरचा महसुली खर्च. 5055 म्हणजे त्याच मार्ग परिवहनावरचा भांडवली खर्च. पीडीएफमध्ये हे अंक टाकून शोधा. शब्द टाकून शोधू नका, कारण जुन्या फॉन्टमुळे मराठी शब्द बऱ्याचदा सापडत नाहीत.

ओळ सापडली की तिच्या टोकाला उद्दिष्ट शीर्ष, म्हणजे पैसा कोणत्या प्रकारच्या खर्चासाठी आहे ते सांगणारे दोन अंक, बघा. 31 म्हणजे सहायक अनुदान, 33 म्हणजे अर्थसहाय्य, 54 म्हणजे गुंतवणूक. गाड्या घेण्यासाठीचे पैसे आणि तिकिटातला फरक भरण्याचे पैसे इथे वेगळे होतात. सवलतीवर कोट्यवधी खर्च होऊनही तुमच्या आगाराला गाडी मिळत नाही ती यामुळेच. सवलतीचा पैसा आधी झालेल्या प्रवासाची भरपाई असतो, त्यातून नवी बस येत नाही. हा फरक कळल्याशिवाय पुढे प्रश्न लिहू नका.

आणखी एक सापळा: योजना एका खात्याची असली तरी तिची तरतूद दोन-तीन मागण्यांत विखुरलेली असू शकते. मे 2025 मध्ये सामाजिक न्याय विभागाचे 410.30 कोटी आणि आदिवासी विकास विभागाचे 335.70 कोटी लाडकी बहीणसाठी गेल्यावर गदारोळ झाला, आणि खुद्द सामाजिक न्याय मंत्र्यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. म्हणून या योजनेचा हिशेब मांडताना 'एक्स' मागणीवर थांबू नका, 'एन' आणि 'टी' सुद्धा उघडा.

4. चार आकडे वेगळे ठेवा

सगळ्या लेखातला हा भाग सावकाश वाचा. 'सरकारने किती पैसे दिले?' या साध्या प्रश्नाला चार खरी उत्तरं असतात.

पहिलं, भाषणातला आकडा. 28 जून 2024 च्या अतिरिक्त अर्थसंकल्पात लाडकी बहीणसाठी वर्षाला 46,000 कोटी जाहीर झाले.

दुसरं, सभागृहाकडे मागितलेली तरतूद. त्याच पावसाळी अधिवेशनात 94,889 कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या, त्यांत या योजनेसाठी 25,000 कोटी होते. डिसेंबरमध्ये नागपुरात आलेल्या 35,788 कोटींच्या पुरवणी मागण्यांत आणखी 1,400 कोटी. पुढच्या वर्षी, म्हणजे 2025-26 साठी, 36,000 कोटींची तरतूद झाली. लगेच 'दहा हजार कोटी कापले' असे मथळे झळकले. पण 46,000 हा भाषणातला अंदाज आणि 36,000 ही तरतूद. एकातून दुसरा वजा करून काहीच सिद्ध होत नाही. तरतुदीची तुलना तरतुदीशी करा आणि खर्चाची खर्चाशी.

तिसरं, वितरित निधी. तरतूद मंजूर झाली म्हणजे पैसे हातात आले असं नाही, वित्त विभाग ते टप्प्याटप्प्याने सोडतो. चौथं, प्रत्यक्ष खर्च. हे दोन्ही 'बीम्स' या राज्याच्या अर्थसंकल्प प्रणालीच्या संकेतस्थळावर विभागवार बघता येतात. फेब्रुवारीत एकदा आणि एप्रिलच्या सुरुवातीला एकदा बघा. मार्चअखेरीस आकडे कसे धावतात, त्याची मौज वेगळीच आहे.

एसटीच्या बाबतीत पाचवीही एक भानगड आहे. महामंडळ तिकिटावर साडेसतरा टक्के प्रवासी कर सरकारला देणं लागतं आणि सरकार सवलतीची प्रतिपूर्ती महामंडळाला देणं लागतं. त्याच दोघांत घेणं आणि देणं दोन्ही. म्हणून 'सवलतीचे किती दिले?' असं न विचारता 'देय किती, समायोजित (म्हणजे येण्या-देण्यात परस्पर वळते केलेले) किती, प्रत्यक्ष अदा किती?' असं तीन तुकड्यांत विचारा.

5. आगाराची माहिती स्वतः काढा

मुंबईचे आकडे आमदाराला कुणीही आणून देईल, गावचे तुम्हीच देऊ शकता. एसटीच्या विभागीय कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाका. दहा रुपये शुल्क, उत्तराला तीस दिवस. महाराष्ट्राच्या नियमात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयाचा असावा लागतो. दोन विषय मिसळले की अर्ज परत पाठवायला कारण मिळतं.

मागायचं काय? 'गाड्या का बंद केल्या?' असं नको, कारण 'का' हा प्रश्न माहितीत बसत नाही. मागा: अमुक मार्गावरच्या नियोजित फेऱ्या, प्रत्यक्ष चाललेल्या फेऱ्या, रद्द किलोमीटर आणि त्याची नोंदवलेली कारणं, आणि मार्गाचं भारमान, सगळं महिनावार. 'रद्द किलोमीटर' (ठरलेले पण न धावलेले) आणि 'भारमान' (गाडीतल्या किती टक्के जागा भरल्या) हे एसटीचे घरचे शब्द आहेत. ते वापरले की समोरचा समजतो, अर्ज करणाऱ्याला काहीतरी कळतं.

भारमान वाचताना जरा थांबा. गाडी वेळेवर येत नसेल तर लोक वडापकडे, म्हणजे खासगी गाड्यांकडे, वळतात, मग भारमान पडतं आणि तेच फेरी बंद करण्याचं कारण म्हणून पुढे येतं. म्हणून गेल्या तीन महिन्यांचं नको, निदान दोन वर्षांचं मागा. फेऱ्या आधी रद्द होऊ लागल्या की प्रवासी आधी घटले, ते तक्त्यात दिसेल.

सवलतींच्या तारखाही याच तक्त्यावर खुणेने मांडा: 75 वर्षांवरच्यांना मोफत प्रवास ऑगस्ट 2022 पासून, महिलांना अर्धं तिकीट 17 मार्च 2023 पासून, आणि 14.95 टक्के भाडेवाढ 25 जानेवारी 2025 पासून. महिलांच्या सवलतीनंतर प्रवासी वाढले आणि फेऱ्या मात्र तितक्याच राहिल्या किंवा कमी झाल्या, असं तुमच्या आगारात दिसलं तर प्रश्न आपोआप तयार झाला.

6. प्रश्न विधिमंडळाच्या साच्यात लिहा

आमदारांना दिलेली बहुतेक निवेदनं 'महोदय, आमच्या गावावर घोर अन्याय' अशी सुरू होतात. त्यांचा प्रश्न बनवायला कार्यालयातल्या माणसाला तासभर खपावं लागतं, आणि तो तास त्याच्याकडे नसतो. तुम्हीच साचा तयार करून द्या. समजा, गावची मुक्कामी गाडी वारंवार रद्द होते आहे. मग असं लिहा:

'सन्माननीय परिवहन मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय:
(1) (आगाराचे नाव) आगारातून (गावाचे नाव) येथे जाणारी मुक्कामी बस जानेवारी ते मार्च या कालावधीत वारंवार रद्द करण्यात आली, हे खरे आहे काय;
(2) असल्यास, उक्त कालावधीत या मार्गावरील नियोजित व प्रत्यक्ष चालविलेल्या फेऱ्यांची महिनानिहाय संख्या किती;
(3) असल्यास, शाळकरी विद्यार्थिनींची गैरसोय टाळण्यासाठी सदर फेरी नियमित करण्याबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे;
(4) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?'

तिसऱ्या भागातल्या विद्यार्थिनी सहानुभूतीसाठी नाहीत. पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत मोफत पास मिळतो. पास सरकारी आणि गाडी गायब, ही विसंगती त्यातून कागदावर येते.

पैशाचा प्रश्न यात घुसडू नका, तो स्वतंत्र अतारांकित प्रश्न करा. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि उपप्रश्न विचारता येतात. अतारांकिताला फक्त लेखी उत्तर येतं. तक्ते हवे असतील तर अतारांकितच बरा. तारांकित प्रश्न यादीत खूप खाली गेला तर प्रश्नोत्तराच्या तासात त्याचा नंबर लागत नाही, आणि नव्या माणसाला वाटतं आमदाराने काही केलंच नाही.

गाडीवाचून परीक्षा बुडाली, अपघात झाला, असं ताजं काही घडलं असेल तर प्रश्नाऐवजी लक्षवेधी सूचना, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना, मागा.

7. कोणता आमदार, कधी

विधान परिषदेचे आमदारही प्रश्न विचारू शकतात, लक्षवेधी मांडू शकतात, त्यामुळे पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघाच्या आमदारांना विसरू नका. पण अनुदान मागण्यांवर मतदान फक्त विधानसभेत होतं, म्हणून कपात सूचना हवी असेल तर विधानसभेचाच आमदार लागतो. 'मागणी शंभर रुपयांनी कमी करण्यात यावी' असं ऐकून हसू नका. शंभर रुपये निमित्त असतं, त्या आधारे तुमच्या आगाराचं नाव चर्चेत येतं.

अधिवेशनं तीन: अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपुरात. पुरवणी मागण्या साधारण तिन्ही वेळा येतात. प्रश्नांच्या सूचना अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्याव्या लागतात, म्हणून दिवाळीनंतर नागपूरच्या तयारीला लागणं म्हणजे उशीर. हिवाळीसाठी गणपतीच्या सुमारास, अर्थसंकल्पीसाठी डिसेंबरात कागद आमदारांच्या हाती पडला पाहिजे.

विरोधी पक्षाचा आमदार जास्त जोरात विचारेल, हे खरं. पण गाडी सुरू करून घ्यायची असेल तर सत्ताधारी आमदाराचा एक फोनही पुरतो. तुम्हाला गाडी हवी आहे की हिशेब, ते ठरवा. दोन्ही हवं असेल तर दोघांना वेगवेगळा कागद द्या.

8. उत्तर वाचायला शिका

'हे खरे आहे' असं उत्तर क्वचितच येतं. 'हे अंशतः खरे आहे' आलं की आनंद माना, त्याखालच्या परिच्छेदात बरंच काही कबूल केलेलं असतं. 'हे खरे नाही' आणि त्यापुढे 'प्रश्न उद्भवत नाही' असं आलं तर बहुतेक वेळा आपल्याच प्रश्नात कच्चेपणा असतो: तारीख चुकलेली, मार्गाचं नाव वेगळं किंवा 'वारंवार' ऐवजी 'पूर्णपणे बंद' लिहिलेलं. एक गाडी एक दिवस जरी आली असेल तरी 'पूर्णपणे बंद' खोटं ठरतं. 'माहिती गोळा करण्यात येत आहे' हे उत्तर पुढच्या अधिवेशनासाठी जपून ठेवा.

उत्तरातला आकडा तुमच्या वहीतल्या चारपैकी कोणता, ते लगेच तपासा. विचारलं होतं 'अदा किती' आणि उत्तर आलं 'तरतूद करण्यात आली आहे' असं असेल, तर पुढच्या वेळी त्याच उत्तराचा क्रमांक देऊन प्रश्न करा.

9. सभागृह उठल्यावर

खरी तपासणी समित्यांत होते. खात्यांवरचे कॅगचे (नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे) अहवाल लोकलेखा समितीकडे जातात, महामंडळांचे सार्वजनिक उपक्रम समितीकडे. एसटी महामंडळ 1950 च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याखालचं असल्याने त्याचं लेखापरीक्षण कॅगच करतो. अहवाल विधिमंडळात मांडल्यावर सगळ्यांना खुले होतात, अनेकदा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी, तेव्हा त्या दिवशी मुद्दाम बघा. यासोबत 23 जून 2025 ला निघालेली एसटीच्या आर्थिक स्थितीवरची श्वेतपत्रिका वाचून घ्या. संचित तोटा 10,322 कोटी आणि 45 वर्षांत फक्त आठ वर्षं नफा, हे त्यातले आकडे पुढच्या प्रत्येक उत्तरात डोकावत राहणार.

मंत्र्यांनी सभागृहात 'फेरी महिन्याभरात सुरू करू' असं म्हटलं असेल तर ते विधिमंडळाच्या 'आश्वासन समिती'च्या कक्षेत येतं. कार्यवाहीतून ते वाक्य जसंच्या तसं उतरवून घ्या. तारीख, सभागृह, प्रश्न क्रमांक आणि ते वाक्य, एवढंच एका पानाचं पत्र समितीप्रमुखांना विधानभवनाच्या पत्त्यावर पाठवा, प्रत आमदारांना. सोबत त्या तारखेनंतरच्या फेऱ्यांचा तक्ता जोडा. पत्र हातोहात दिलं तर आवक क्रमांक आणि शिक्का दुसऱ्या प्रतीवर घ्या.